पाचव्या रात्री कोण जागं असतं?

ऑपरेशन टेबलाच्या डोक्याच्या बाजूला एक गोल स्टूल असतं. भूलतज्ज्ञ म्हणून नोकरीतली बहुतेक वर्षं मी त्या स्टुलावर काढली. सर्जन पोटाकडे पाहतो, मी मॉनिटरकडे आणि घड्याळाकडे. त्यामुळे चाकू चांगला की दुर्बीण, या वादात मी कुणाच्याच पंगतीला बसलेलो नाही. एसीत बसून घामाघूम झालेले सर्जन मी दोन्हीकडचे पाहिले आहेत.

एक प्रश्न मात्र हमखास माझ्या वाट्याला यायचा. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तपासणीसाठी वॉर्डात गेलं की परतताना रुग्णाचा मुलगा किंवा जावई दारापर्यंत मागोमाग यायचा आणि आवाज उतरवून विचारायचा, "दोतोर, पोट फाडचें पडटलें?" सर्जनला विचारायचा धीर झालेला नसायचा, म्हणून मला. पित्ताशयातल्या खड्यांसाठी हा प्रश्न योग्यच आहे. स्वादुपिंडाच्या गाठीसाठी कुणी तो विचारला की मला वाटायचं, याने विचारायला हवं होतं ते राहूनच गेलं.

आता तर हा प्रश्न रुग्णाच्या तोंडी यायच्या आधीच रस्त्यावरच्या फलकांवर उत्तरासकट लावलेला असतो. छोटी भोकं, कमी दुखणं, लवकर घरी. अलीकडे त्यात रोबोची भर पडली आहे. माझं म्हणणं असं, की स्वादुपिंडाच्या मोठ्या शस्त्रक्रियेत छेद केवढा हे मागाहून ठरवायचं असतं. आधी पाहायचं ते त्या इस्पितळात अशी ऑपरेशनं वर्षाला किती होतात, आणि आत शिवलेला जोड गळला तर ऑपरेशननंतरच्या पाचव्या रात्री कोण जागं असतं. गोव्यासारख्या चिमुकल्या राज्यात हे रुग्णाने एकट्याने विचारून भागणारही नाही. ते सरकारने विचारायला हवं आणि उत्तर सगळ्यांना दिसेल असं लावायला हवं.

हा अवयव मुळातच अडचणीच्या जागी बसलेला. जठराच्या मागे, कण्याला जवळजवळ टेकून, आडवा. डोकं लहान आतड्याच्या पहिल्या वळणाच्या कुशीत आणि शेपूट डावीकडे प्लीहेपर्यंत. डोक्याला लागून असलेल्या त्याच्या मानेच्या मागून यकृताकडे जाणारी जाडजूड नीला जाते, तिला खरचटलं तर काय होतं ते मी मॉनिटरवर पाहिलं आहे. डोक्यात गाठ झाली की पित्ताची वाट दबते आणि माणूस काहीही न दुखता पिवळा पडतो. आपल्याकडे पहिला उशीर इथेच होतो. कावीळ म्हटली की आधी झाडपाला. सत्तरी तालुक्यापासून पेडण्यापर्यंत कावीळ उतरवणारे अजून आहेत, त्यांच्याकडे महिना जातो आणि अंगाची खाज असह्य झाली की मग बांबोळीच्या सरकारी इस्पितळाची वाट धरली जाते. सगळा दोष झाडपाल्याचा नाही, हेही सांगायला हवं. जगभरच निदान होईपर्यंत जेमतेम पंधरा-वीस टक्के रुग्णांची गाठ काढण्याजोगी उरलेली असते.

डोक्यातल्या गाठीसाठी जे ऑपरेशन करतात त्याला व्हिपल म्हणतात. अमेरिकेतल्या ॲलन व्हिपल यांनी ते १९३५ साली प्रसिद्ध केलं. जर्मनीत वाल्टर काउश यांनी १९०९ मध्येच असं ऑपरेशन केलं होतं, पण नाव राहिलं व्हिपलचं. यात स्वादुपिंडाचं डोकं, त्याला बिलगलेलं आतडं, पित्ताशय, पित्तनलिकेचा खालचा भाग आणि बहुधा जठराचा थोडा तुकडा निघतो. हे काढून झालं की निम्मंच काम झालेलं असतं. पुढे तीन जोड करायचे असतात. स्वादुपिंड आतड्याला, पित्तनलिका आतड्याला आणि जठर आतड्याला. शेवटचे दोन बहुतेक वेळा निभावतात. पहिला मात्र सर्जनची झोप उडवतो. धडधाकट स्वादुपिंड इतकं मऊ असतं की टाका जरा ओढला तर दोरा त्याला कापत जातो. शहाळ्यातली कोवळी मलई सुईदोऱ्याने शिवायला घ्या, म्हणजे कल्पना येईल. त्यातली नळी कधी कधी दोन-तीन मिलिमीटरची, आणि तिच्यातून वाहणारा रस मांस पचवण्यासाठीच तयार झालेला. जोडातून तो झिरपला की पोटात जे सापडेल ते पचवू लागतो. त्यात जवळची रोहिणी आली तर रक्तस्राव. चांगल्या हातांतही दहांतल्या एका-दोघांना दखल घ्यावी लागेल अशी गळती होते.

हे सगळं वीत-सव्वा वितीच्या छेदातून करा नाहीतर पाच-सहा भोकांतून, आतला रस तोच आणि मलईही तीच.

याचा अर्थ भोकांना काही अर्थ नाही असा कुणी काढू नये. बरगड्यांखालचा तो लांब छेद किती दुखतो हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? पाठीच्या कण्यात बारीक नळी सोडून दुखणं मारायचं हे माझंच काम होतं. दुखतं म्हणून रुग्ण खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, आणि विडी ओढणारा असेल तर तिसऱ्या दिवशी छातीत कफ भरतो. पुढे जखम चिघळते, वर्षाभराने तिथेच हर्निया येतो. हे सगळं भोकांनी कमी होतं. शेपटाकडच्या गाठींसाठी तर मी बिनदिक्कत दुर्बीण मागेन, स्वतःसाठीही. तिथे शिवायचा जोडच नसतो, स्वादुपिंड छाटून टोक बंद करायचं असतं. नेदरलँड्समध्ये १४ इस्पितळांनी १०८ रुग्णांत याचा तौलनिक अभ्यास केला. दुर्बिणीवाले चार दिवसांत हिंडतेफिरते झाले, उघड्या छेदाचे सहा दिवसांत. मग शंका निघाली की कर्करोग असेल तर भोकांतून गाठ पुरती निघते का. २५८ रुग्णांचा युरोपीय अभ्यास २०२३ मध्ये आला आणि त्यात गाठ काढण्यात दुर्बीण उणी पडली नाही. तरबेज माणूस असेल तर शेपटापुरता हा वाद मला मिटल्यात जमा वाटतो.

दुसरी एक जागा तर अशी आहे की तिथे पोट उघडणं हीच आता घाई ठरते. तीव्र पँक्रियाटायटिसमध्ये, म्हणजे स्वादुपिंडाला अचानक सूज येते तेव्हा, काही वेळा ते सडतं आणि त्या सडक्यात जंतू शिरतात. कारणं दोनच मुख्य: पित्ताचे खडे आणि दारू. गोव्यात दुसऱ्या कारणावर वेगळं काही लिहायला नको. पूर्वी अशा रुग्णाचं पोट उघडून सडलेलं हाताने काढत. त्याच माणसाला मी एका महिन्यात चार-चार वेळा भूल दिलेली आहे, आणि दर वेळी तो आधीपेक्षा हडकुळा होऊन टेबलावर यायचा. २०१० मध्ये डचांचा 'पँटर' अभ्यास आला. आधी कातडीतून नळी घालून पू वाहू द्यायचा, नाहीच भागलं तर लहान छेदातून सफाई, असा टप्प्याटप्प्याचा मार्ग त्यांनी ८८ रुग्णांत थेट मोठ्या ऑपरेशनशी ताडून पाहिला. मृत्यू किंवा गंभीर गुंतागुंत ६९ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आली, आणि नळी घातलेल्यांपैकी ३५ टक्क्यांना पुढे ऑपरेशनच लागलं नाही. पुढच्या दशकात आणखी एक अभ्यास झाला, त्यात नळीसुद्धा लांबणीवर टाकलेल्या गटातले ३९ टक्के नुसत्या अँटिबायोटिक्सवर निभावले. इथे नायक सर्जन नाहीच. सोनोग्राफी किंवा सीटी बघत नळी सरकवणारा रेडिओलॉजिस्ट आणि वाट बघू शकणारा फिजिशियन, हे दोघे. वाट बघण्याची जाहिरात कुठल्या फलकावर होत नाही, ही गोष्ट वेगळी.

आता डोक्याकडे, म्हणजे व्हिपलकडे.

दुर्बिणीतून व्हिपल केल्याचं मिशेल गान्ये आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९४ साली प्रसिद्ध केलं. त्यानंतर दोन दशकं 'आम्हीही केलं' एवढंच चाललं होतं, समोरासमोर तुलना कुणी केली नव्हती. पहिली तुलना झाली ती आपल्या देशात, कोइम्बतूरला. डॉ. पलानीवेलू यांच्या चमूने ६४ रुग्णांची चिठ्ठी टाकून विभागणी केली आणि २०१७ मध्ये निकाल मांडले. दुर्बिणीवाले सात दिवसांत घरी, उघडे तेरा दिवसांत. पुढच्या वर्षी बार्सिलोनाहून ६६ रुग्णांचा अभ्यास आला, तोही दुर्बिणीच्या बाजूचा. इथे थांबलं असतं तर फलकवाल्यांचंच खरं ठरलं असतं.

मग आला डचांचा 'लेपर्ड-२'. (या मंडळींना अभ्यासांना जनावरांची नावं ठेवायची भारी हौस.) चार इस्पितळं, प्रत्येकी वर्षाला वीस किंवा जास्त व्हिपल करणारी, सर्जन मुद्दाम प्रशिक्षण घेतलेले. तो अभ्यास ९९ रुग्णांवर मध्येच थांबवावा लागला. दुर्बिणीच्या ५० रुग्णांत ५ गुंतागुंतीमुळे दगावले होते, उघड्या छेदाच्या ४९ मध्ये १. आकडे लहान आहेत, संख्याशास्त्राच्या काट्यावर हा फरक ठाम उतरत नाही, हे खरं. पण सुरक्षा पाहणाऱ्या समितीला पुढे जायचा धीर झाला नाही, आणि मला तो निर्णय कळतो. शिवाय ज्यासाठी हा खटाटोप, ते लवकर बरं होणंही दिसलं नाही. दुर्बिणीला दहा दिवस, छेदाला आठ.

त्यानंतर २०२१ मध्ये चीनमधून १४ इस्पितळांचा, ६५६ रुग्णांचा अभ्यास आला. त्यात सर्जनसाठी अट होती की आधी किमान १०४ व्हिपल दुर्बिणीतून केलेले हवेत. अशा हातांत मृत्यू दोन्हीकडे सारखेच निघाले. इस्पितळातला मुक्काम दुर्बिणीला १५ दिवस, छेदाला १६. शंभरावर ऑपरेशनांचा सराव खर्ची घातल्यावर पदरात पडला तो एक दिवस.

मी हे चारही अभ्यास शेजारी शेजारी ठेवून वाचतो तेव्हा मला दुर्बीण बरी की वाईट हे दिसतच नाही. एकच हत्यार एका ठिकाणी मुक्काम निम्म्यावर आणतं आणि दुसरीकडे अभ्यास थांबवायला लावतं, तेव्हा फरक हत्यारात शोधून उपयोग काय? तो हातांच्या सरावात आणि भोवतालच्या माणसांत असणार. रोबोचंही हेच. रोबोचा हात थरथरत नाही, मनगट आत वळतं, बारीक टाके सोपे जातात, हे मला मान्य आहे. पण पिट्सबर्गच्या सर्जननी आपल्या पहिल्या २०० रोबो-व्हिपलचा हिशेब प्रामाणिकपणे मांडला. रक्तस्राव २० रुग्णांनंतर कमी झाला, गळती ४० नंतर, आणि वेळ ८० नंतर. त्या पहिल्या चाळिसांत आपलं माणूस असेल तर?

याच्या उलट बाजूचं एक उदाहरण मला नेहमी आठवतं. सत्तरच्या दशकापर्यंत व्हिपलनंतर चार-पाचांतला एक दगावत असे, हे ऑपरेशन सोडूनच द्यावं असं म्हणणारे नामांकित सर्जन होते. १९९३ मध्ये बाल्टिमोरहून जॉन कॅमरून यांनी लागोपाठ १४५ व्हिपल एकाही मृत्यूविना केल्याचं प्रसिद्ध केलं. सगळे उघड्या छेदाने. दुर्बीण नव्हती, रोबो तर स्वप्नातही नव्हता. एकाच छताखाली तेच सर्जन, त्याच परिचारिका, तेच भूलतज्ज्ञ तेच काम पुन्हा पुन्हा करत होते, एवढंच नवीन होतं. २००२ मध्ये अमेरिकेतल्या वृद्ध रुग्णांची प्रचंड पाहणी आली. वर्षाला सरासरी एकही न भरणाऱ्या इस्पितळांत स्वादुपिंडाच्या ऑपरेशननंतर १६.३ टक्के दगावत होते, वर्षाला सोळाहून जास्त करणाऱ्या इस्पितळांत ३.८ टक्के. इतका फरक पाडणारं हत्यार माझ्या कारकिर्दीत तरी बाजारात आलं नाही.

माझा एक जुना सहकारी, सर्जन, यावर चिडतो. "तुम्ही भूलवाले १९९० मध्येही हेच म्हणत होता," असं त्याचं म्हणणं. टोला बरोबर बसतो. त्या साली मुंबईत डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं तेव्हा नाकं मुरडणाऱ्यांत माझे गुरुजनही होते, आणि ते साफ चुकले. पण पित्ताशय आणि व्हिपल यांच्यात एक साधा फरक आहे. पित्ताशयं रोज येतात. पहिली तीस चाचपडत करायची म्हटली तर दोन-तीन महिन्यांत हात बसतो. व्हिपल कधी येईल ते सांगता येत नाही. आणि येतात किती?

गोव्यापुरता हिशेब करून पाहू. हा माझा कागदावरचा अंदाज, सरकारी आकडा नव्हे. भारतात स्वादुपिंडाचा कर्करोग युरोप-अमेरिकेच्या मानाने कमी, लाखामागे वर्षाला साधारण एक-दोन. गोव्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १४.५८ लाख. आपल्याकडे वयस्करांचं प्रमाण जास्त, म्हणून हात सैल सोडून वर्षाला तीस रुग्ण धरू. त्यातले पाच-सहा ऑपरेशनच्या टप्प्यातले. पित्तनलिकेच्या तोंडाशी होणाऱ्या गाठींनाही व्हिपलच लागतं आणि त्या तुलनेने लवकर सापडतात, त्यांचे आणखी तितकेच, फार तर दुप्पट धरा. आता यातून मुंबईला टाटाला जाणारे वजा करा, बेळगाव-बेंगळुरू-वेल्लोर गाठणारे वजा करा. जे उरतील ते गोमेकॉ (बांबोळीचं गोवा वैद्यकीय महाविद्यालय) आणि खासगी इस्पितळं यांच्यात वाटा. कुणाच्या वाट्याला वर्षाला चार, कुणाच्या दोन.

नेदरलँड्समध्ये २०११ पासून नियम आहे: वर्षाला वीस व्हिपल होत नसतील तर त्या इस्पितळाने ते करायचंच नाही. हे सगळ्या पद्धतींचे मिळून वीस. नुसत्या दुर्बिणीच्या व्हिपलसाठीही जगभरच्या तज्ज्ञांनी मायामीत जमून वर्षाला वीसची शिफारस केली. आपल्याकडे चार-दोनमध्ये वाटणी चालू आहे, आणि त्या चार-दोनमध्ये दुर्बीणही शिकायची, रोबोही शिकायचा. ८० रुग्णांनी ज्याचा हात बसतो त्याला वर्षाला चार मिळाले तर वीस वर्षं लागतील. तोवर सर्जन निवृत्त.

सर्जनच्या हाताबद्दल एवढं बोललो, पण हात हा अर्धाच भाग. मला जास्त छळते ती ऑपरेशननंतरची पाचवी-सहावी रात्र. इथल्याच एका इस्पितळात एकदा साठीच्या एका गृहस्थांचं व्हिपल दुर्बिणीतून झालं. नऊ तास लागले, पण झालं सुरेख. मी स्वतः भूल दिली होती, टाके कॅमेऱ्यावर पाहिले होते, तक्रारीला जागा नव्हती. चौथ्या दिवशी ते खुर्चीत बसून पेज जेवले आणि चवथीच्या सणापूर्वी घरी जायला मिळेल ना म्हणून विचारू लागले. पाचव्या दिवशी दुपारी ड्रेनच्या, म्हणजे पोटात ठेवलेल्या नळीच्या, पिशवीत थोडं ताजं रक्त दिसलं. कपभर. ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरने टाचण केलं, 'निरीक्षण करा' लिहिलं. व्हिपलनंतर ड्रेनमधलं ते कपभर रक्त म्हणजे मोठ्या स्रावाची वर्दी असू शकते, तेव्हाच सीटी काढून रोहिणी आतून बंद करता आली तर माणूस वाचतो. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, कारण त्याने आयुष्यात पाहिलेला तो दुसराच व्हिपल होता. रात्री दोनला मोठा स्राव झाला. रोहिणीत कॉइल टाकणारा रेडिओलॉजिस्ट तिथे नव्हता, ॲम्ब्युलन्समध्ये घालून न्यायचं ठरेपर्यंत दाब मिळेना. त्यांच्या पोटावर सर्वांत मोठी जखम चार सेंटिमीटरची होती.

ते उघड्या छेदाने केलं असतं तर वाचले असते का? त्या इस्पितळात नसते वाचले. म्हणून तर म्हणतो, छेदाचा प्रश्न मागाहूनचा.

हे सुधारता येतं आणि त्याला कोटीकोटींची यंत्रं लागत नाहीत. 'पोर्श' नावाचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, पुन्हा डचांचाच. त्यांनी देशातल्या सगळ्या १७ केंद्रांत एक साधा आराखडा लावला. रोज रुग्णाची ठरावीक लक्षणं आणि रक्त-ड्रेनच्या तपासण्या नोंदवायच्या, आणि त्यावरून सीटी कधी, नळी कधी, अँटिबायोटिक कधी, ड्रेन कधी काढायचा, हे फोनवरच्या ॲपने सुचवायचं. बस. १,७४८ रुग्णांत रक्तस्राव, अवयव निकामी होणं किंवा मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण १४ वरून ८ टक्क्यांवर आलं. नव्वद दिवसांतले मृत्यू ५ वरून ३ टक्क्यांवर. ऑपरेशन तेच, सर्जन तेच. बदललं ते चौथ्या-पाचव्या दिवशीच्या डॉक्टरचं लक्ष. गोव्यात कुठल्याही आरोग्यमंत्र्याला फीत कापायला अशी गोष्ट उपयोगाची नाही, हे मी जाणून आहे.

तेव्हा मागणी काय? व्हिपल आणि तत्सम मोठी ऑपरेशनं गोव्यात एकाच ठिकाणी व्हावीत, एका ठरलेल्या चमूकडून. माझ्या मते ती जागा गोमेकॉच असायला हवी, कारण चोवीस तास रक्तपेढी, आयसीयू आणि निवासी डॉक्टर तिथे असतात, आणि नसेल ते, म्हणजे रात्री दोनला येणारा रेडिओलॉजिस्ट, ते सरकारला नेमता येतं. त्याची नेमणूक रोबोच्या आधी करा. पहिली काही वर्षं डोक्याकडच्या गाठी उघड्या छेदानेच काढा. दुर्बीण शेपटाकडे वापरा, तिथे हात बसवा, मग कोइम्बतूरला किंवा टाटाला चमूच्या चमू पाठवून पुढचं शिका, नुसत्या सर्जनला नव्हे. परिचारिका आणि भूलतज्ज्ञही गेले पाहिजेत.

आकडा वाढवायचा एक मार्ग मात्र आपणच बुजवून ठेवला आहे. दोडामार्ग, बांदा, सावंतवाडीची माणसं पिढ्यान्‌पिढ्या बांबोळीला येतात. २०१८ पासून बाहेरच्या राज्यांतल्या रुग्णांना शुल्क लागू झालं तेव्हा 'आपल्या खाटा आपल्यालाच' अशी टाळी पडली होती. तापाच्या रुग्णाबाबत तो युक्तिवाद समजून घेता येईल. व्हिपलबाबत मात्र हिशेब उलटा आहे. सिंधुदुर्गाचे साडेआठ लाख लोक, शिवाय कारवारकडचे, धरले तर एका चमूला पुरेल असा आकडा जवळ येतो. त्या रुग्णांना दारातून परत पाठवलं तर त्याची किंमत काणकोणच्या रुग्णालाही मोजावी लागेल, कारण त्याच्यावर चालणारा हात तेवढा कमी सरावाचा राहील. दोन्ही राज्यांनी पैशांचं आपसात काय ते बघावं.

गोवा सरकारच्या दीनदयाळ आरोग्यविमा कार्डाचा उपयोगही इथे करता येईल. २०१६ पासूनच्या या योजनेत तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्याला चार लाखांचं संरक्षण आहे. पैसा देणारा सरकार, तर अट घालणाराही सरकारच असू शकतो. वर्षाचा आकडा, नव्वद दिवसांतले मृत्यू आणि किती रुग्णांना पुन्हा थिएटरात न्यावं लागलं, हे तीन आकडे जाहीर केल्याशिवाय या ऑपरेशनला मंजुरी देऊ नका. खासगी इस्पितळं ओरडतील. ओरडू द्या.

आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. एक म्हणजे, असं एकवटलं तर बाकीच्या सर्जनचं कौशल्य मरेल, आणि मध्यरात्री अपघातात फुटलेलं स्वादुपिंड आलं तर मडगावात हात लावणारा कुणी नसेल. मला याचं पुरतं उत्तर सापडलेलं नाही. अपघातात मात्र बहुधा रक्त थांबवून नळी ठेवून पुढे पाठवणं हेच शहाणपण असतं, व्हिपल करायची वेळ क्वचितच येते. दुसरा आक्षेप अस्मितेचा: १८४२ पासून वैद्यक शिकवणाऱ्या पणजीच्या परंपरेला हे जमत नाही असं म्हणायचं काय? तसं कुणीच म्हणत नाही. उलट, चार ठिकाणी अर्धवट जमवण्यापेक्षा एका ठिकाणी पुरतं जमवा, एवढंच सांगणं आहे. आणि तिसरा, रुग्णाची मर्जी. माणूस म्हणतो, मला भोकांनीच हवं, पैसे माझे आहेत. ठीक आहे. पण मर्जी चालवायची तर त्याला आधी आकडे माहीत हवेत, आणि आज ते कुणीच सांगत नाही.

निवृत्त होण्यापूर्वीच्या महिन्यात डिचोलीच्या एका तरुणाने वॉर्डाच्या दाराशी मला तोच प्रश्न विचारला. वडिलांचं व्हिपल दुसऱ्या दिवशी होतं. मी त्याला संमतीपत्राच्या पाठच्या कोऱ्या बाजूवर दोन ओळी लिहून दिल्या आणि म्हटलं, सर्जनला हे विचार. गेल्या वर्षी अशी किती केली? आणि रात्री रक्त आलं तर फोन कुणाला जाईल, त्याचं नाव काय? तो संध्याकाळी परत आला. पहिल्या ओळीसमोर सर्जनने स्वतःच्या हाताने '३' लिहिलं होतं. दुसरी ओळ कोरी होती. वडिलांना दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईला हलवलं.